राखलेले रान आणि त्याचा कागद

मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत एखादा इतिहासपर लेख असावा, असे संपादक मंडळाचे मत पडले व ते काम मजकडे आले. मी इतिहासकार नव्हे. तालुका कचेरीत (तिचे नाव आता तहसील कार्यालय असले तरी आपल्या तोंडी ती कचेरीच आहे) वीस-बावीस वर्षे आवक-जावक सांभाळणारा एक कारकून आहे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. राजेरजवाड्यांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गावाने केलेला अर्ज, त्यावर पडलेला शेरा आणि या दोहोंमध्ये निघून गेलेली वर्षे, एवढी गोष्ट मला कळते. म्हणून आपले रान राखणाऱ्या दोन गावांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे. चूकभूल असल्यास सुज्ञांनी सांभाळून घ्यावे.

पहिले गाव कोकणातले. देवराई म्हणजे काय हे आपल्या मंडळींना सांगायला नको. देवाच्या नावाने सोडलेल्या राईतील वाळली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा दंडक आपल्या वाडवडिलांनी पाळला. श्रीवर्धन तालुक्यात गाणी म्हणून गाव आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी तेथील राई तोडली जाणार, असे गावकऱ्यांच्या कानी आले. आजूबाजूचे डोंगर तोवर बोडके झाले होते आणि पाण्याचा झरा टिकून होता तो त्या राईच्याच आधाराने. हे ओळखायला गावकऱ्यांना कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाही. पण तज्ज्ञाचा शब्द वरपर्यंत जातो हे त्यांना ठाऊक होते. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक देवराया हिंडून त्यांतील झाडावेलींची नोंद करीत असत. गावकऱ्यांनी त्यांना गाठले. डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी राई पाहिली, वरच्यांकडे शब्द टाकला आणि तोड थांबली. पुढे या दोघांनी महाराष्ट्रातील देवरायांवर केलेले लेखन देशाबाहेरही वाचले गेले.

गाणीकरांच्या पाठीशी देवाचे नाव होते, झराही होता, आणि काम तुलनेने लवकर झाले. दुसऱ्या गावाची कथा लांबची आहे, अंतराने आणि काळानेही.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड लोकांचे लहानसे गाव. लोकवस्ती सुमारे पाचशे. शेजारच्या लेखा या गावाच्या नावासह ‘मेंढा (लेखा)’ असेच ते लिहितात. भोवती सागाचे, बांबूचे, मोहाचे रान. हा मुलूख 1956 पर्यंत मध्य प्रदेशात, पुढे मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. गडचिरोली जिल्हा झाला तो 1982 साली, चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा निघून. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, दप्तरे इकडून तिकडे गेली. अशा स्थलांतरात कागदाचे काय होते हे ज्याने गठ्ठे सोडले-बांधले आहेत त्यालाच ठाऊक! तिकडे जुना ‘निस्तार’ हक्क आहे. घराला लाकूड, चुलीला जळण, कुंपणाला काटी आणि गुरांना चराई, हे सारे गावाने रानातून न्यावे असा तो हक्क. जमीनदारी गेली, रान सरकारजमा झाले आणि रोजच्या व्यवहारात हा हक्क झिजत झिजत नावापुरता उरला.

1980 च्या दशकाच्या आरंभी इचमपल्ली व भोपालपटनम या दोन मोठ्या धरणांचा घाट घातला गेला, तेव्हा या भागात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ असे आंदोलन उभे राहिले. धरणे मागे पडली. परंतु आंदोलनातून घरी परतलेल्या लोकांच्या मनात एक प्रश्न राहिला : बाहेरच्यापासून रान वाचविले, आता आपल्यापासून ते कोण वाचविणार? मेंढ्याचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची गाठ याच सुमाराची. (मोहनभाऊंनी आडनाव न लावता आईचे व वडिलांचे नाव लावले. आमच्या कचेरीतील फॉर्मात असे नाव कोठे बसवावे असा मला प्रश्न पडला असता.)

त्यांनी गावात अभ्यासगट चालू केला. एखादा विषय घ्यायचा, जाणकाराला बोलवायचे, शंका विचारायच्या. मग तो विषय ग्रामसभेत. ग्रामसभेत बहुमत नाही, सर्वसहमती. एकाचे जरी मन वळले नाही तरी निर्णय थांबतो आणि पुन्हा बैठक बसते. आपल्याकडे मंदिराच्या कळसाचा रंग ठरविताना किती बैठका झाल्या हे ज्यांनी पाहिले, त्यांना ही पद्धत किती अवघड आहे ते वेगळे सांगायला नको. पण तिचा एक गुण असा, की ठरलेली गोष्ट मोडायला नंतर कोणी उरत नाही. दारू बंद झाली ती अशीच, आणि त्यात बायकांचा शब्द मोठा होता.

घोटुलाची हकीकत याच काळातील. घोटुल म्हणजे गोंडांच्या तरुण मुलामुलींचे सामायिक घर, एका अर्थी त्यांची शाळाच. मोडीस आलेला घोटुल पुन्हा बांधावा असे गावाने ठरविले व रानातून लाकूड आणले. परवाना नव्हता. वनखात्याची माणसे पोलिसांसह आली, घोटुल पाडला आणि लाकूड घेऊन गेली. ज्यांनी नुकतेच गावाच्या वास्तूचे वासे आपल्या खांद्यावर वाहिले आहेत, त्यांना हे दुःख समजेल. मेंढेकरांनी दगड उचलला नाही. आसपासच्या गावांची बैठक झाली आणि आपापल्या गावी प्रत्येकाने घोटुल बांधावा असे ठरले. किती घोटुल पाडणार? मेंढ्याचा घोटुल पुन्हा उभा राहिला.

मग रानाचे नियम झाले. पाळीपाळीने राखण. वणवा लावायचा नाही. फळझाड तोडायचे नाही. घराला लाकूड हवे तर आधी ग्रामसभेला विचारायचे. त्या रानातील बांबू एका कागद कारखान्याकडे जात असे. गावाने ती तोड थांबविली. ज्या बांबूचा कागद होतो त्याच्यासाठी पुढे वीस वर्षे कागदावरच भांडावे लागले, याची मला मोठी गंमत वाटते. मधाचेही तसेच. पूर्वी रात्री आग्या मोहोळाला पेटते पलिते लावून मध काढीत. माश्या जळत आणि मोहोळ संपे. मेंढ्याच्या लोकांनी अंगभर पोशाख घालून पोळ्याचा मधाचा तेवढा भाग कापायचा, पिलांचा भाग राखायचा, अशी रीत शिकून घेतली. त्यामुळे तेच मोहोळ पुन्हा भरते.

‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. ऐकणाऱ्याला ती बंडाची वाटते. मला ती जबाबदारीची वाटली, कारण सरकार व्हायचे म्हणजे रात्रीची राखणही आलीच.

2006 साली संसदेने वनहक्काचा कायदा केला आणि 2008 पासून तो अमलात आला. मेंढ्याने दावा दाखल केला. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर रानावरील सामूहिक वनहक्काचा दाखला ग्रामसभेला मिळाला. देशात असा दाखला अगदी आरंभी मिळविणाऱ्या गावांत मेंढा व त्याच जिल्ह्यातील मर्दा यांची नावे येतात. दावा करताना रान राखल्याचा पुरावा जुळवायला कोणाला पळावे लागले नसेल, तो समोर उभाच होता. एरवी आमच्याकडे पुरावा म्हणजे झेरॉक्सच्या तीन प्रती!

एवढ्यावर काम झाले नाही. बांबू तोडून विकायचा तर वाहतुकीचा परवाना हवा आणि तो देण्याचे पुस्तक वनखात्याकडे. नव्या कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला होता, पण 1927 च्या जुन्या कायद्यात बांबू हे झाड. शास्त्राने पाहिले तर बांबू हे गवत! या एका शब्दापायी रान हाती असून काठी विकता येईना. ग्रामसभेने तगादा सोडला नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी त्या वेळचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत त्यांनी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तेव्हापासून बांबूच्या गाडीचा परवाना ग्रामसभा आपल्या सहीने देऊ लागली. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात जमा होऊ लागला आणि गावच्या माणसांना गावातच मजुरी मिळाली. पुढे एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्काचे दाखले मिळाले. त्यांतील सगळीच गावे मेंढ्यासारखी झाली असे मी म्हणणार नाही. दाखला फ्रेममध्ये लावून स्वस्थ बसणारे गाव सगळ्या जिल्ह्यांत असते.

2013 साली मेंढेकरांनी आणखी एक ठराव केला, तो वाचून मी कचेरीत थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली गावातील खातेदारांनी आपापल्या शेतजमिनीची मालकी ग्रामसभेच्या नावे करायचे ठरविले. जमीन कसायची ज्याची त्यानेच, पण बाहेरच्याला विकायची नाही. बांध हातभर सरकला म्हणून सख्खे भाऊ मोजणीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहतात, आणि एकमेकांकडे न पाहता सह्या करतात. तसे दोन अर्ज आजही आवक रजिस्टरात चढविले आहेत.