भरण्यापेक्षा काढण्याचा इतिहास

पनवेलला औषधांचं अप्रूप नाही. धूतपापेश्वर या आयुर्वेदिक औषधांच्या कंपनीचा व्याप इथे १८७२ पासूनचा. पण डोळ्यांखालचे खड्डे भरायला टोचतात त्या फिलरची गोष्ट इथेही भरणाऱ्याच्या बाजूनेच सांगितली जाते. माझ्या मते ती काढणाऱ्याची आहे. १८९३ मध्ये जर्मनीत नॉयबर या सर्जनने दंडाची चरबी घेऊन चेहऱ्यावरचे खोलगट व्रण भरले. मग व्हिएन्नाच्या गेरझुनी या सर्जनमुळे पॅराफिन टोचण्याची लाट आली. ते सरकलं, त्याच्या गाठी झाल्या आणि चाकूशिवाय निघेना. फसलेलं विरघळवता येईल असा पदार्थ मिळेपर्यंत हा धंदा म्हणजे जुगारच होता. तो पदार्थ, हायल्युरॉनिक ॲसिड, १९३४ मध्ये सापडला, तोही गाईच्या डोळ्यात! त्याला विरघळवणारं हायल्युरोनिडेज हे एन्झाइमही मुळात कॉस्मेटिकवाल्यांचं नव्हे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भूल नीट पसरावी म्हणून नेत्रतज्ज्ञ ते कित्येक दशकं वापरत आलेत.

डोळ्यांखालची कातडी कागदासारखी पातळ. हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल तिथे उथळ बसलं, तर उजेडात निळसर झाक दिसते. ते पाणी धरत असल्याने सकाळी फुगवटा येतो आणि त्याच्या कडेला वळी पडते. अशा वळीवर आणखी जेल भरणं म्हणजे गळक्या भिंतीला रंग देणं. हायल्युरोनिडेजने शरीराचं स्वतःचं हायल्युरॉनिक ॲसिडही विरघळतं, हा आक्षेप खरा आहे. पण ते शरीर पुन्हा तयार करतं. त्याहून वजनदार आक्षेप ॲलर्जीचा. मधमाशीच्या विषातही हायल्युरोनिडेज असतं, त्यामुळे मधमाशी चावल्यावर कधी अंग सुजलं होतं का, हे सुई टोचण्याआधी विचारावंच लागतं.