घरी कोरकू, शाळेत मराठी : बहुभाषिक शिक्षण म्हणजे काय?

आपण ज्याला ‘पाणी’ म्हणतो, त्याला गडचिरोलीतल्या गोंडी घरात ‘येर’ म्हणतात आणि मेळघाटातल्या कोरकू घरात ‘डा’. राज्य एकच, पण या तीन भाषा तीन वेगळ्या कुळांतल्या आहेत. मराठी इंडो-आर्य कुळातली. गोंडी ही तेलुगू-तमिळसारखी द्राविडी. कोरकूचं नातं थेट झारखंडातल्या संथाळी आणि मुंडारीशी. २०११च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणारे सुमारे २९.८ लाख, तर कोरकू बोलणारे सुमारे ७.३ लाख लोक होते.

आता या घरांमधलं सहा वर्षांचं मूल मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात बसलं, तर काय होतं?

अडचण नेमकी कुठे येते?

वाचताना दोन गोष्टी घडाव्या लागतात : अक्षरं जुळवणं आणि अर्थ लागणं. मराठी मूल अक्षरं जुळवतं, तेव्हा तयार झालेला शब्द त्याच्या ओळखीचा असतो. कोरकू मूलही अक्षरं जुळवतं, पण शब्द अनोळखी असतो. मग ते धडा घडाघडा वाचतं आणि प्रश्न विचारला की गप्प बसतं. आपण त्याला ‘कच्चं’ ठरवतो. खरं तर त्याला प्रश्नाची भाषाच कळलेली नसते.

मग उपाय काय?

सुरुवात घरच्या भाषेतून करायची. वाचन, लेखन, मोजणी आधी त्याच भाषेत. सोबत मराठी बोलायला-ऐकायला शिकवायची आणि पुढे हळूहळू तिचा वाटा वाढवायचा. घरची भाषा मात्र सोडायची नाही. ओडिशाने २००६-०७मध्ये दहा आदिवासी भाषांमधून असं शिक्षण सुरू केलं.

यामुळे दुसरी भाषा मागे पडत नाही का?

तसं होत नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये मांडलं, की एका भाषेत कमावलेली कौशल्यं दुसऱ्या भाषेतही कामी येतात. वाचायला माणूस एकदाच शिकतो. मग नवी लिपी आणि नवे शब्द तेवढे शिकावे लागतात.

कायदा काय म्हणतो?

भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असं संविधानाचं कलम ३५०-अ सांगतं. हे कलम १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं.

आपल्या मुलांवर पहिलीपासून इंग्रजी लादू नये, असं आपण हक्काने म्हणतो. कोरकू मुलासाठी ती जागा मराठीची आहे. आपला आग्रह खरा असेल, तर तो त्याच्यासाठीही धरायला हवा.