मेहकरची धर्मशाळा आणि ‘हेमाडपंती’ नावाचा सापळा

पर्यावरणस्नेही गेस्टहाऊसचा जुना नमुना शोधताय? बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरला काळ्या दगडाची, खांबांची जुनी धर्मशाळा आहे. तिला सगळे ‘हेमाडपंती’ म्हणतात. पण लगेच तिला तेराव्या शतकात नेऊन बसवू नका. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे १२६० नंतरचा. अंबरनाथच्या देवळालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात आणि तिथला शिलालेख १०६० चा आहे! म्हणजे हे नाव बांधणी सांगतं, साल नाही. ‘धर्मशाळा’ हेही नावच. तिथे वाटसरू खरंच उतरायचे, की तो मठ होता? प्रबंधात नाव लिहिण्याआधी ते कोणी, कधी आणि कशावरून दिलं, एवढं विचाराच.