डेक्कन जिमखान्याचा आरंभकाळ

'जिमखाना' हा शब्द साहेबाने आपल्याकडून उचलला आणि परत करताना त्यास पाटलोण घालून दिली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाच्या कर्त्यांचा तर्क असा की, मूळ शब्द 'गेंदखाना', म्हणजे चेंडू खेळण्याची जागा; त्यातील 'गेंद' जाऊन 'जिम्नॅस्टिक'चे धड त्या जागी आले. अशा नावाची संस्था १८६१ मध्ये रुरकीस होती, असेही ते नमूद करतात. त्यानंतर हिंदुस्थानात जेथे जेथे छावणी तेथे तेथे जिमखाना हा जणू नियमच झाला. आमच्या जालन्यासही हैद्राबाद कंटिन्जंटची छावणी होती. तेव्हा छावणीचा खेळ म्हणजे काय आणि त्यात गावाचा वाटा कोणता, हे मराठवाड्याच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. साहेब खेळे, नेटिव्ह चेंडू आणून देई.

पुण्यात या व्यवस्थेचे एक उदाहरण फार बोलके आहे. १८९० नंतरच्या काही वर्षांत तेथील युरोपियनांच्या क्लबात पाळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातील एक तरुण दरमहा चार रुपयांवर मैदान राखण्यासाठी होता. रूळ फिरवावा, जाळी लावावी, रेघा आखाव्या आणि साहेबांस सराव हवा असेल तेव्हा गोलंदाजी करावी, हे त्याचे काम. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज आपणांस बाद केल्याबद्दल त्यास आठ आणे देत, असे सांगतात. मात्र त्याच्या हाती बॅट म्हणून कोणी दिली नाही. ती उचलण्याचा अधिकार गोऱ्यांचा. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने, पुष्कळ भवति न भवति होऊन, त्यास आपल्या संघात घेतले. पण चहाच्या वेळी त्याचा चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात येई. म्हणजे गोऱ्यांच्या जिमखान्यात एक कुंपण होते, तर आपल्या क्लबात दुसरे. याच बाळूच्या गोलंदाजीच्या बळावर १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, हे मात्र सर्वांनी अभिमानाने सांगितले.

त्याच १९०६ साली पुण्यास डेक्कन जिमखाना स्थापन झाला. बाळकृष्ण नारायण ऊर्फ बंडोपंत भाजेकर हे तिचे मुख्य संस्थापक व पहिले चिटणीस. ते वर्ष स्वदेशीचे होते. वंगभंगाची चळवळ महाराष्ट्रात पोहोचली होती आणि परदेशी कापडाच्या होळ्या पुण्याने पाहिल्या होत्या. अशा वेळी पुण्यातील सुशिक्षितांनी आपल्या संस्थेस तालीम, आखाडा किंवा व्यायामशाळा असे न म्हणता 'जिमखाना' का म्हणावे, असा प्रश्न पडतो. आमच्या मते याचे उत्तर त्या नावातच आहे. तालीम पेठेची असते. तिचा वस्ताद, तिचा मारुती, तिची तांबडी माती ही त्या पेठेपुरती. या मंडळींस पेठेबाहेरची, सभासदांच्या मतांनी चालणारी, हिशेब व इतिवृत्त ठेवणारी संस्था हवी होती. अशा संस्थेचा एकच नमुना त्यांच्या डोळ्यांपुढे होता आणि तो साहेबाचा होता. जागाही पेठांच्या बाहेर, मुठेपलीकडे, लकडी पुलाच्या पश्चिमेस मिळाली. फर्ग्युसन कॉलेज त्याच बाजूस आधीच गेले होते. बाकी तिकडे शेते आणि माळ.

नावात साहेबाची नक्कल होती खरी, पण कामात ती राहिली नाही. क्रिकेट व टेनिस यांच्या जोडीला जिमखान्याने देशी खेळ हाती घेतले व १९१४ साली समिती नेमून खो-खोचे नियम बांधले. आमच्या दृष्टीने या संस्थेच्या आरंभकाळातील सर्वांत महत्त्वाचे कृत्य हेच. पण ते इतके साधे दिसते की वाचकांस त्याचे महत्त्व चटकन पटणार नाही.

खो-खो महाराष्ट्रात किती जुना आहे हे कोणी सांगू नये व कोणी विचारू नये. परंतु जो खेळ गावोगाव निराळ्या रीतीने खेळला जातो, तो दोन गावांना एकत्र खेळता येत नाही. बसणारे किती, मैदान केवढे, खांब असावेत की नसावेत, पळणाऱ्याने बसलेल्यांच्या मधून जावे आणि पाठलाग करणाऱ्याने जाऊ नये ही अट पाळावयाची की कसे, डाव किती वेळाचा, या प्रत्येक गोष्टीवरून भांडण व्हावयाचे आणि सामना भांडणातच संपावयाचा. फुटबॉलच्या इतिहासात हेच घडलेले आहे. १८७४ च्या मे महिन्यात कॅनडातील माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ अमेरिकेत हार्वर्डशी सामना खेळण्यास गेला, तेव्हा दोघांचा 'फुटबॉल' एकच नव्हे असे आढळून आले. हार्वर्डचा चेंडू वाटोळा, मॅकगिलचा लांबट, नियमही भिन्न. शेवटी तडजोड अशी ठरली की पहिला सामना हार्वर्डच्या रीतीने व दुसरा मॅकगिलच्या रीतीने खेळावा. हार्वर्डच्या मंडळींस पाहुण्यांची रीत इतकी आवडली की त्यांनी तीच उचलली, आणि तिच्यातूनच पुढे अमेरिकेचा फुटबॉल निराळा झाला. कॅनडानेही आपला निराळा ठेवला. तात्पर्य, क्लब मैदानाने होत नाही, तो नियमाने होतो. खो-खोचे पहिले नियमपुस्तक १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने छापले, १९२८ मध्ये निघालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने पुढे ते नियम तपासून सुधारले, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस या खेळाचा पहिला विश्वचषक होऊन पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताचा संघ विजयी झाला. ही सर्व परंपरा १९१४ च्या त्या समितीपाशी येऊन पोहोचते.

कोणी म्हणेल, देशी खेळास लेखी नियमांचे जोखड घालणे ही देखील साहेबाचीच शिकवण नव्हे काय? आहे. पण ती शिकवण घेतल्यावाचून तो खेळ गावच्या वेशीबाहेर पडला नसता. या प्रश्नाची दुसरी बाजू धावण्याच्या शर्यतींत दिसते, आणि तेथे ती अधिक अवघड आहे.

जमशेटजी टाटांचे ज्येष्ठ चिरंजीव सर दोराबजी हे केंब्रिजला शिकलेले, खेळांचे मोठे षोकी. त्यांचा या जिमखान्याशी निकटचा संबंध आला. १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी जिमखान्याच्या शर्यतींचे वर्णन केले आहे. त्याचा आशय असा की, धावणारी मुले शेतकऱ्यांची, शेतात राबणारी, अन्न बेताचे, शिक्षण काही नाही. शंभर यार्डांची शर्यत, जी सरळ रेषेत धावावयाची, ती येथे वळणावरून आणि प्रत्येकाचा मार्ग दोरीने वेगळा न करताच व्हावयाची होती, कारण मैदान अपुरे. चालकांच्या लेखी धावणे म्हणजे धावणे. परंतु लांब पल्ल्याच्या शर्यतींत या अनवाणी मुलांनी घेतलेला वेळ घड्याळात पाहिला, तेव्हा तो युरोपातील धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगा निघाला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड शर्यतींस आले होते. टाटांनी ही गोष्ट त्यांच्या नजरेस आणली आणि १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिकास या मुलांना पाठविण्याची कल्पना तेथे निघाली.

येथे जिमखान्याचे दोन भाग आपणांस स्पष्ट दिसतात. संस्था चालविणारे पदवीधर, वकील, प्राध्यापक. धावणारे कुणब्यांचे पोरगे. एकाकडे घड्याळ व नियम, दुसऱ्याकडे पाय. आमच्या मते त्या घड्याळास उगाच कमी लेखू नये. घड्याळ नसते तर ती मुले गावच्या जत्रेत नारळ जिंकून घरी गेली असती. परंतु घड्याळ ज्यांच्या हाती होते त्यांची नावे संस्थेच्या भिंतीवर राहतात, आणि धावणाऱ्यांची नावे शोधावी लागतात, हेही तितकेच खरे. सबब ती येथे देतो. अँटवर्पास गेले ते सहा जण: पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी हे धावणारे, आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल. हिंदुस्थानातून संघ म्हणून ऑलिंपिकास गेलेले हे पहिलेच. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदके मिळविली होती, पण त्याच्या मागे येथील कोणतीही संस्था नव्हती.

फलित काय झाले? पदक एकही नाही. बॅनर्जी प्राथमिक फेरीपुढे गेले नाहीत. नवले लवकर हरले. बेळगावच्या चौगुल्यांनी मॅरेथॉन पुरी केली. त्या वर्षीचा मार्ग पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचा, ऑलिंपिकाच्या इतिहासात सर्वांत लांब. फिनलंडचा कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिला आला आणि चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे. ज्या देशात त्यापूर्वी मॅरेथॉन हा शब्दही फारसा कोणाच्या कानी नव्हता, तेथील माणसाने असे धावावे ही लहान गोष्ट नव्हे. रणधीर शिंद्यांचे तर पदक हातचे गेले. मातीत वाढलेला हा मल्ल गादीवर उतरला आणि हलक्या वजनाच्या गटात तिसऱ्या स्थानाच्या कुस्तीपर्यंत पोहोचला. ती त्याने ब्रिटनच्या मल्लापाशी गमावली. हिंदी मल्लाच्या गळ्यात ते पदक पडावयास बत्तीस वर्षे लागली. १९५२ साली हेलसिंकीस कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कांस्यपदकाचे मानकरी ठरले, आणि त्यांनाही जाण्याच्या खर्चासाठी लोकांच्या वर्गणीवर अवलंबून राहावे लागले होते.

अँटवर्पनंतर ऑलिंपिकाची सूत्रे पुण्यात राहिली नाहीत. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले, पण चिटणीसपद वाय.एम.सी.ए.च्या डॉ. नोएरन यांजकडे गेले, आणि एका शहराच्या क्लबाने चालविलेले काम देशाच्या संस्थेकडे आले. ते योग्यच झाले. इकडे लकडी पुलापलीकडच्या माळावर बंगले उठू लागले. त्या वसाहतीस जिमखान्याचेच नाव पडले, मग चौकास, मग बसच्या थांब्यास, आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकासही. आज 'डेक्कनला जातो' म्हणणाऱ्या पुणेकराच्या मनात बहुधा खेळ नसतो. जिमखाना मात्र तेथे अजून आहे. त्याचा पुढील इतिहास टेनिसचा, पोहण्याच्या तलावाचा व त्या वसाहतीचा असून तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.