फ्रीज

'रेफ्रिजरेटर' हा शब्द विजेच्या फ्रीजपेक्षा शंभरेक वर्षांनी थोरला. १८०३ साली मेरीलँडच्या थॉमस मूरने लोणी बाजारात नेण्याच्या पेटीला तो दिला: देवदाराचं पिंप, आत पत्र्याचा डबा, मधल्या फटीत बर्फ, वर सशाची कातडी! मुळाशी लॅटिन 'फ्रिगस', म्हणजे थंडी. त्यावरूनच १९१८ नंतर 'फ्रिजिडेअर' हे कंपनीचं नाव आलं. पुढे अमेरिकेत कुठल्याही फ्रीजला लोक तेच म्हणू लागले, आपल्या डालडासारखं. केल्व्हिनेटर मात्र लॉर्ड केल्व्हिनच्या नावाचा. १९२७च्या 'मॉनिटर टॉप' फ्रीजच्या डोक्यावर गोल कॉम्प्रेसर. त्याला नाव मिळालं 'मॉनिटर' युद्धनौकेच्या तोफबुरुजावरून. आत सल्फर डायऑक्साइड. गळला की ठसकाच. आपलं मराठी नाव 'शीतकपाट' दिसायला देखणं, पण दूध काढायला ते कुणी उघडत नाही.