घरातले पहिले मूल कॉलेजात जाताना: पालकांनी काय माहीत करून घ्यावे

आई-वडिलांपैकी कोणीच कॉलेजात गेलेले नाही, अशा घरातून पदवीसाठी जाणाऱ्या मुला-मुलींना ‘पहिल्या पिढीचे विद्यार्थी’ म्हणतात. आपल्या समाजात अशी घरे भरपूर आहेत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार २० वर्षांवरील मुस्लिमांमध्ये पदवी किंवा डिप्लोमा घेतलेले ४ टक्क्यांहून कमी होते, तर देशाचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. आज कॉलेजात जाणाऱ्या अनेक मुलांचे आई-वडील त्या काळचे तरुण. त्यामुळे मूल हुशार असले तरी अडल्यावर विचारायला घरात कोणी नसते.

शाळेत दोन दिवस दांडी झाली की सर घरी निरोप पाठवतात. कॉलेजात सूचना नोटीस बोर्डावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि ती सगळ्यांनी वाचली असे धरले जाते. अभ्यास जमत असूनही एखादा फॉर्म राहिला म्हणून वर्ष वाया गेलेली मुले प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील.

नाव आणि कागदपत्रे

पहिली अडचण नावाची. आधारवर ‘मोहम्मद’, मार्कशीटवर ‘मो.’, बँकेत ‘मोहंमद’. कुठे ‘शेख’ आडनाव पुढे, कुठे मागे. नाव जुळले नाही तर अर्ज अडकतो. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची मार्कशीट, आधार आणि बँक पासबुक एकत्र ठेवून एकेक अक्षर तपासा. मार्कशीटमधली चूक शाळेमार्फत बोर्डाकडून दुरुस्त होते. ते काम निकालाच्या घाईत होत नाही, आधीच करा. बँक खाते आधारशी जोडलेले असावे, कारण शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईलसुद्धा आधीच काढून ठेवा.

जातीचा दाखला

अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. अडचण अशी की आजोबांच्या शाळेच्या नोंदीत पुष्कळदा फक्त ‘मुसलमान’ लिहिलेले असते. तेव्हा चुलत आजोबा, पणजोबा यांच्या शाळेच्या, जन्म-मृत्यूच्या आणि जमिनीच्या जुन्या नोंदी शोधा. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना राखीव जागेसाठी जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेयरही लागते. हे काम अकरावीतच सुरू करावे.

फी आणि शिष्यवृत्ती

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि हॉस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना तिथेच दिसतात. आपण कशात बसतो ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती क्लार्कला विचारा. फॉर्म सबमिट झाला म्हणजे काम झाले असे समजू नका. कॉलेजने तो पुढे पाठवला का, परत तर आला नाही ना, हे लॉगिन करून पाहत राहा. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो.

मुलींसाठी मोठी सवलत आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी राज्य सरकार भरते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे आणि प्रवेश सरकारी कॅप फेरीतून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत जाते. ओबीसीत न येणाऱ्या घरांनी ईडब्ल्यूएस दाखल्याची चौकशी करावी.

पहिले सेमिस्टर

बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी लागते. कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. इंटर्नलचे मार्क वर्षभरातल्या टेस्ट, असाइनमेंट आणि प्रॅक्टिकलमधून येतात, ते शेवटी भरून काढता येत नाहीत. एखादा विषय राहिला तर ‘एटीकेटी’ मिळते, म्हणजे पुढच्या वर्गात बसून तो विषय पुन्हा देता येतो. किती विषयांपर्यंत, हे विद्यापीठागणिक बदलते. एटीकेटी लागली म्हणून मुलाला घरी बसवू नका. जुम्याच्या वेळेत प्रॅक्टिकल येत असेल तर पहिल्याच आठवड्यात सरांशी अदबीने बोलून बॅच बदलून मागावी. गुपचूप दांडी मारली तर हजेरी जाते.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना विषय येत असतो, इंग्रजी शब्द नवे असतात. विषयवार वही करून उर्दू, मराठी आणि इंग्रजी शब्द शेजारी-शेजारी लिहावेत. एक-दोन महिन्यांत फरक दिसतो.

रॅगिंग हा गुन्हा आहे. कॉलेज दाद देत नसेल तर यूजीसीची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-१८०-५५२२.

मधेच थांबावे लागले तर

वडिलांचे आजारपण, घरची तंगी, मुलीचे लग्न अशा कारणांनी शिक्षण थांबते. नव्या धोरणात पास झालेल्या विषयांचे क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात आणि साधारण ७ वर्षांपर्यंत वापरता येतात. मुलाचा-मुलीचा एबीसी आयडी लिहून ठेवा. लग्नाची बोलणी चालू असली तर शिक्षण पुढे चालू ठेवण्याची गोष्ट तेव्हाच स्पष्ट करावी.

घरच्यांचे काम

अब्बा-अम्मींना अभ्यासक्रम कळला नाही तरी चालेल. दर आठवड्याला तीन प्रश्न विचारा: हजेरी किती झाली? कुठला फॉर्म बाकी आहे? कुठे अडलंय? पहिले सहा महिने तरी मुलाला दुकानावर आणि मुलीला घरकामात पूर्ण जुंपू नका. पालकसभेला जा, आपल्याला इंग्रजी येत नाही याची लाज बाळगू नका, मराठीत विचारा. मोहल्ल्यात कॉलेज शिकलेला एखादा भाईजान किंवा आपा असेल तर महिन्यातून एकदा घरी बोलवा. आणि आपले मूल पुढे गेले की त्याला शेजारच्या घरातल्या मुलाचा फॉर्म भरायला पाठवा.