द्विध्रुवी बलाचा इतिहास : पोलादपूरच्या कातळापासून अतिशीत वायूपर्यंत

महाडहून पोलादपूरमार्गे आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाणारा रस्ता बेसाल्टचे एकावर एक थर ओलांडीत चढतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर होत. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांच्या रासायनिक घटनेवरून जो क्रम लावण्यात आला, त्यातील दोन शैलसमूहांस ‘पोलादपूर’ व ‘आंबेनळी’ हीच नावे मिळाली. ह्या दोहोंतील कातळाचे चुंबकत्व आजच्या भूचुंबकीय क्षेत्राच्या उलट दिशेचे आहे. महाबळेश्वराजवळच्या वरच्या थरांत ते सुलट झालेले आढळते.

कातळातील मॅग्नेटाइटचा प्रत्येक लोह-अणू म्हणजे एक सूक्ष्म चुंबक, अर्थात द्विध्रुव होय. हे द्विध्रुव परस्परांवरील चुंबकीय बलानेच शिस्तीत राहत असावेत, असे सहज वाटते. हिशेब मात्र निराळे सांगतो. स्फटिकातील शेजारच्या अणूंमध्ये ह्या बलाची ऊर्जा जेमतेम एका केल्व्हिनच्या आसपासची असते. मॅग्नेटाइटचे चुंबकत्व तर सुमारे ५८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. ह्या कोड्याचा उलगडा हायझेनबर्ग ह्यांनी १९२८ साली पुंज यामिकीतील ‘विनिमय’ ऊर्जेने केला. परस्परविरुद्ध दिशांच्या दोन अणुसमूहांतील उरलेली वजाबाकी म्हणजे मॅग्नेटाइटचे चुंबकत्व, हे १९४८ साली नील ह्यांनी दाखविले. तात्पर्य, लोहचुंबकामुळे मनुष्यास जे बल प्रथम परिचित झाले, ते लोहचुंबकाच्या अंतरंगात राज्य करीत नव्हते.

मग ते राज्य करते तरी कोठे? ह्याचे उत्तर अतिशीत वायूंनी दिले. बोस ह्यांच्या १९२४ च्या सांख्यिकीवरून आइन्स्टाइन ह्यांनी ज्या संघननाचे भाकीत केले, ते १९९५ साली अमेरिकेतील बोल्डर येथे रुबिडियमच्या वायूत प्रत्यक्ष घडून आले. तेथील अणू मुख्यतः एकमेकांस भिडल्यावरच परस्परांची दखल घेत. २००५ साली स्टुटगार्ट येथे क्रोमियमचे संघनन साधले. क्रोमियमच्या अणूचे चुंबकीय आघूर्ण ६ बोर मॅग्नेटॉन. एक मॅग्नेटॉनच्या अणूंशी तुलना करता द्विध्रुवी बल ३६ पट. तरीही विरळ वायूतील अंतरावर त्याची ऊर्जा काही नॅनोकेल्व्हिनच भरते. एवढे क्षीण बल जाणवावयाचे, तर उष्णतेचा कोलाहल जवळजवळ शमलाच पाहिजे. पुढे २०११ साली डिस्प्रोसियम व २०१२ साली अर्बियम ह्यांचीही संघनने सिद्ध झाली.

ह्या बलाचे वैशिष्ट्य त्याच्या दिशेत आहे. एकापुढे एक असलेले समदिश द्विध्रुव आकर्षित होतात, शेजारी उभे असलेले दूर सारले जातात. त्रिमितीत आकर्षण वाढू दिल्यास वायू कोसळतो. प्रकाशाच्या साहाय्याने कण एका पातळ पातळीत कोंडले व द्विध्रुव त्या पातळीस लंब ठेवले, म्हणजे केवळ प्रतिसारणच उरते. २०११ साली बोल्डर येथे पोटॅशियम-रुबिडियमच्या ध्रुवीय रेणूंवर हाच प्रयोग झाला, आणि रेणूंमधील रासायनिक विक्रिया मंदावली. विक्रियेची गती केवळ भूमितीने आवरता येते, हे त्यातून दिसून आले.

सिद्धांत ह्या वाटेवर पुढेच चालत होता. चपट्या संघननातील तरंगांस विशिष्ट तरंगलांबीशी ऊर्जेचा खळगा पडेल, असे सांतोस, श्ल्यापनिकोव्ह व लेवेनस्टाइन ह्यांनी २००३ साली सांगितले. त्याचा पडताळा २०१८ साली इन्सब्रुक येथे, लांबट वायूत आला. द्विमितीत अस्थैर्याचा शेवट कोसळण्यातच होईल असे नाही, स्थिर एकाकी तरंगही निर्माण होऊ शकतील, हे २००९ साली नाथ, पेद्री व सांतोस ह्यांनी दाखविले. त्यांपैकी रिजीश नाथ पुढे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आले. स्फटिकाप्रमाणे रचना व द्रवाप्रमाणे निर्वेध प्रवाह एकत्र असलेली ‘अतिघन’ अवस्था २०१९ साली आढळली, आणि २०२१ साली द्विमितीतही सिद्ध झाली.

पोलादपूरच्या कातळात द्विध्रुवांची दिशा कोट्यवधी वर्षे टिकली, ती दुसऱ्याच बलाच्या आश्रयाने. त्यांचे स्वतःचे सामर्थ्य पाहण्यास पदार्थ विरळ, थंड व चपटा करावा लागला. जे सर्वांत आधी दिसते तेच कारण असते असे नाही, हा धडा भौतिकीच्या इतिहासात इतक्या स्पष्टपणे क्वचितच मिळतो.